स्वभाव इंग्रजीत सांगायचा तर शब्द जोडीनेच शिका

नागपुरी तर्री झणझणीत असते आणि मे महिन्यातलं ऊन रखरखीत. ‘रखरखीत तर्री’ कुणी म्हणत नाही. तसा नियम कुणी शिकवलेला नसतो, पण कानाला ते खटकतं. इंग्रजीतही शब्दांच्या अशा जोड्या ठरलेल्या आहेत. माणसाची वृत्ती सांगताना त्या मोडल्या, की व्याकरण बरोबर असूनही वाक्य परकं वाटतं.

सुरुवात ‘अ‍ॅटिट्यूड’पासूनच करा. ‘त्याला लय अ‍ॅटिट्यूड आहे’ म्हणजे आपल्याकडे तो अकडू. इंग्रजी बोलीतही ‘ही हॅज अ‍ॅन अ‍ॅटिट्यूड’चा सूर तक्रारीचाच असतो. म्हणून मुलाखतीत विशेषण लावूनच बोला: ‘आय हॅव अ पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड टुवर्ड्‌स माय वर्क.’ या एका वाक्यात तीन जागी पाय घसरतो. ‘आय अ‍ॅम हॅविंग’ नको, कारण इथे ‘हॅव’ म्हणजे असणं, चालू असलेली क्रिया नव्हे. मराठीत उपपद नसल्याने ‘अ’ गळतो. आणि ‘बद्दल’ डोक्यात असल्याने ‘अबाउट’ येतं. तिथे ‘टुवर्ड्‌स’ किंवा ‘टू’ ठेवा.

क्रियापदंही ठरलेली असतात. आपण डूख धरतो, तसंच इंग्रजीत ‘होल्ड अ ग्रज’ किंवा ‘बेअर अ ग्रज’. पण मोकळ्या मनाने ऐकायचं तर ‘कीप अ‍ॅन ओपन माइंड’. रस घेणं म्हणजे ‘टेक अ‍ॅन इंटरेस्ट इन’. एखाद्याविषयी चांगलं मत असेल तर ‘हॅव अ हाय ओपिनियन ऑफ’.

सगळ्यात जास्त नुकसान ‘व्हेरी’ करतो. ‘खूप’ आलं की आपण तो चिकटवतो आणि वाक्य मिळमिळीत होतं. हिवाळी अधिवेशनात विरोधक सरकारवर तुटून पडले, तर ते ‘हायली क्रिटिकल ऑफ द गव्हर्नमेंट’. एखाद्या विधेयकाला कडाडून विरोध असेल तर ‘स्ट्राँगली अपोज्ड टू द बिल’. कामाला वाहून घेतलेला ‘डीपली कमिटेड टू’, घोर निराश झालेला ‘बिटरली डिसअपॉइंटेड’. ठाम विश्वासासाठी ‘फर्मली बिलीव्ह’.

सरावासाठी 1911 पासून नागपुरात निघणारा ‘द हितवाद’ हा इंग्रजी पेपर घ्या आणि फक्त अग्रलेखाचं पान वाचा. वहीत तीन रकाने आखा: आधीचा शब्द, मुख्य शब्द, नंतरचं शब्दयोगी (‘टू’, ‘ऑफ’, ‘इन’ वगैरे). दिवसाला पाच जोड्या पुरेत. वीस लिहिल्या तर दुसऱ्या दिवशी दोनही आठवत नाहीत. प्रत्येक जोडीवर ओळखीच्या माणसाबद्दल एक वाक्य लिहा. दुसऱ्या दिवशी तिसरा रकाना हाताने झाकून आठवा, कारण आधी विसरतं ते शब्दयोगीच.

अर्थाची धारही तपासा. ‘रिलॅक्स्ड अ‍ॅटिट्यूड’मध्ये बहुधा कौतुक असतं, ‘कॅज्युअल अ‍ॅटिट्यूड’मध्ये बरेचदा नाराजी. आणि हेल्मेट हँडलला लटकवून वर्धा रोडवर गाडी दामटणाऱ्याचा सुरक्षेकडे पाहण्याचा असतो तो ‘कॅव्हेलिअर अ‍ॅटिट्यूड’: गंभीर गोष्टीची बेफिकिरी. हा शब्द स्वतःच्या अर्जात चुकूनही लिहू नका.