हात गळ्यात असेपर्यंतचे पैसे: किती दिवस आणि कुठून मोजायचे

जिनिंगमध्ये हजेरी लिहिण्यात माझी उमर गेली. कापसाचा हंगाम लागला की कुणाचं बोट जिनमध्ये सापडतं, कुणाची गाठ उचलताना कंबर धरते. मग प्रश्न ठरलेला: "आबा, घरी बसेल त्याचे पैसे किती दिवस भेटतील?"

आधी पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का ते बघा. जात असेल तर भरपाई ईएसआयकडून मिळते, शेठकडे मागता येत नाही. रोजच्या सरासरी मजुरीच्या 90 टक्के पैसे, आणि तेही डॉक्टर कामाला अपात्र असल्याचा दाखला देतील तोवर. वरची मर्यादा नाही, फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस अपंगत्व टिकायला हवं. ईएसआयच्या साध्या आजारपणाच्या पैशांना 91 दिवसांची मर्यादा आहे, लोक त्यात आणि यात गल्लत करतात. शेठने अपघाताचा अहवाल पाठवला नाही तर प्रकरण साध्या आजारपणात जाऊन बसतं, म्हणून तो पाठवायला लावा.

ईएसआय नसेल तर नोव्हेंबर 2025 पर्यंत 1923 च्या कामगार भरपाई कायद्याचा हिशेब लागायचा, आता त्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आहे. पुढे सांगतो ती दिवसांची चौकट दोन्हींत तीच आहे. दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के मिळतात. पगार 12,000 असेल तर हप्ता 3,000. पगार 18,000 असला तरी 2020 पासून 15,000 च धरतात, म्हणजे 3,750. पहिला हप्ता सोळाव्या दिवशी देणं लागतं.

आता 28 चा आकडा ध्यानात ठेवा. अपंगत्व 28 दिवस किंवा त्याहून जास्त टिकलं तर पैसे पहिल्या दिवसापासून. त्याआधी बरं वाटलं तर पहिले तीन दिवस गेले. 20 दिवस बसलात तर 17 दिवसांचेच मिळतील. आणि नेमकं पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी मुकादम घरी येतो: "ये ना भो, नुस्ता बस, हजेरी मांडतो." माझं म्हणणं, डॉक्टरने फिट लिहिल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. मस्टरवर एकदा हजेरी चढली की पुढे भांडायला तोंड राहत नाही.

हप्ते अपंगत्व संपेपर्यंत किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तोवर. होळीच्या आसपास जिन बंद झाली की "हंगाम संपला, हप्ता संपला" असं ऐकवतात. ऐकू नका, हप्ता हाताला बांधलेला आहे, हंगामाला नाही. मधल्या काळात हलकं काम धरलंत तर मात्र पंधरवड्याच्या आधीच्या आणि आताच्या कमाईत जेवढा फरक, त्याहून जास्त हप्ता मिळत नाही.

धडगाव, शिरपूरकडून येणाऱ्या पावरा गड्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अपघात लेखी कळवल्यापासून तीन दिवसांत शेठ फुकट तपासणीला बोलावू शकतो. न तपासता त्याआधीच गावाकडे निघून गेलात तर परत येऊन तपासून घेईपर्यंत हक्क थांबतो, आणि त्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. तीन दिवस थांबा, मग खुशाल घरी जा. मुकादमामार्फत कामाला असलात तरी मूळ मालकाकडे मागता येतं.

अपघात लगेच कळवा: तारीख, वेळ, कुठलं यंत्र, कुणी पाहिलं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. "शेठ दी ऱ्हायना ना, मंग कागद कसाले?" (शेठ देतोय ना, मग कागद कशाला?) असं म्हणणारे खूप भेटतात. शेठ देतोय तोवर ठीक. द्यायचं थांबला आणि तुम्ही वाट बघत बसलात तर अपघातापासून दोन वर्षांत भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे दावा दाखल करायची मुदत निघून जाते. पाच वर्षांचा आकडा ऐकून निवांत राहणारे इथेच अडकतात. 1923 च्या कायद्यात महिनाभरापेक्षा जास्त थकलेल्या रकमेवर 12 टक्के व्याज होतं, आणि कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

एकरकमी देऊन "हक्क सोडला" असं लिहून घेतलं तर ते कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद त्याच सरकारी अधिकाऱ्याकडे करावी लागते. बोट तुटलंच असेल तर कायमच्या अपंगत्वाची रक्कम वेगळी निघते, त्यातून आधी घेतलेले हप्ते वळते होतात. दवाखान्याचा खर्च मात्र त्यात धरत नाहीत. तो पुरा शेठने द्यायचा. मूळ बिलं देताना सही-शिक्क्याची पोच घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा.