ऑइल कॅच कॅन बसवताय? या चुका टाळा

स्टेज वन रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला पहिल्या पायरीचा बदल) झाला की लगेच कॅच कॅन मागवणारे मला रोज भेटतात. आपल्या इंजिनाला तो लागतो का, हे बघायची तसदी कुणी घेत नाही.

पिस्टन रिंगांमधून निसटलेला वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात उतरतो आणि पीसीव्हीतून (हा वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पुन्हा इनटेकमध्ये जातो. जाताना ऑइलचे कण घेऊन जातो. कॅच कॅन म्हणजे या वाटेत बसवलेला, ते ऑइल अडवणारा डबा. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरूनच जातं, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जातात. अशी साधी स्विफ्ट असेल तर कॅनचे पैसे चांगल्या ऑइलवर खर्च करा. पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते. तिथे कॅन कामाचा. पण आधीच धरलेली काजळी त्याने निघत नाही. त्यासाठी इनटेक उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचा मारा करावा लागतो.

सगळ्यात महाग पडते ती पाइपची चूक. कॅन भारीतला आणि पाइप कुलंटचा उरलेला तुकडा! एक टर्बो हॅचबॅक टो होऊन माझ्याकडे आली. गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल गळत होतं, डिपस्टिक वर आली होती. आधीच्या गॅरेजने रिंगा गेल्याचं सांगून इंजिन उघडायचा अंदाजखर्चही दिला होता. मी पाइप चाचपला. ऑइलने रबर फुगून मऊ झालं होतं आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) ओढीने पाइप चपटा बसला होता. टर्बोकडे जाणारा दुसरा ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर नेणारी नळी, कॅन बसवणाऱ्याने बूच मारून बंद केलेला. वायूला वाटच उरली नाही, दाबाने मागचं क्रँक सील सुटलं. इंजिन ठणठणीत होतं, पण त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. ऑइल आणि व्हॅक्यूम दोन्ही सोसणाराच पाइप घ्या. मी बसवल्यावर इंजिन तापवून, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) प्रत्येक पाइप हाताने दाबून बघतो.

दुसरा हट्ट म्हणजे कॅनवर छोटा फिल्टर लावून वाफ हवेत सोडणं. रस्त्यावरच्या गाडीत हे मला अजिबात मान्य नाही. केबिनमध्ये वास येतो, प्रदूषण होतं, आणि मॅनिफोल्डचं तोंड नीट बंद नसेल तर आयडलिंग डळमळतं. रेसिंगची गोष्ट वेगळी: एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धांच्या संघटनेच्या) नियमांत उघड्या ब्रीदरला 2000 सीसीपर्यंत किमान 2 लिटरची, त्यावर 3 लिटरची टाकी लागते.

आत जाळी किंवा आडपडदे नसलेला स्वस्त डबा घेऊ नका. टर्बोशेजारी बसवू नका. भरू देऊ नका, नाहीतर साचलेलं सगळं इंजिन ओढून घेतं.

आयडलवर शिट्टी येते आणि ऑइलचं झाकण ओढूनही निघत नाही? पीसीव्हीचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. कॅनने ते झाकू नका, पीसीव्ही बदला. कॅन भराभर भरत असेल तर आधी ऑइलची पातळी बघा, मग लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणं) करा.

पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनंतर कॅनमध्ये दुधट पाणी दिसलं की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. कुलंट कमी झालेलं नसेल तर बहुतेक वेळा ती नुसती वाफ असते. कॅन रिकामा करा, गाडी हायवेला चांगली तापेपर्यंत चालवा आणि पुन्हा उघडून बघा.