जुन्या विंडसर्फिंग बोर्डावर शर्यतीत उतरताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या हंगामात प्रत्येक शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात, म्हणजे वाऱ्याच्या दिशेनं नागमोडी चढत वरच्या बोयापर्यंत (वळण दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत) जाताना, मी मागे पडायचो. दोष शिडाचा असं ठरवून नवं शीड घेतलं. तरी क्रमांक हलला नाही. मग एका जाणत्या स्पर्धकानं किनाऱ्यावर माझा बोर्ड उलटा केला आणि डॅगरबोर्डच्या, म्हणजे बोर्डाच्या मधून खाली सोडायच्या आणि बाजूला वाहणं रोखणाऱ्या पात्याच्या, फटीवरची पट्टी दाखवली. ती अर्धी सुटून लोंबत होती. पाणी त्या फटीत घुसत होतं, आत घुसळत होतं आणि बोर्डाला मागे ओढत होतं. पट्टी बदलायला एक संध्याकाळ लागली. त्यानंतर मी घोळक्यासोबत वर पोहोचू लागलो.

तेव्हापासून "जुना बोर्ड हळूच असतो" हे मी सहजासहजी मान्य करत नाही. लांब, डॅगरबोर्ड असलेला जुना बोर्ड हलक्या आणि मध्यम वाऱ्यात आजही चांगली शर्यत देतो. तो हळू होतो तो बहुतेक वेळा दुर्लक्षित राहिलेल्या छोट्या भागांमुळे, नाहीतर त्याला आखूड बोर्डासारखं चालवण्याच्या हट्टामुळे.

बोर्ड कोणत्या जातीचा आहे हे न पाहता शर्यतीत नाव देणं

जुना बोर्ड म्हणजे सगळे एकच नव्हेत. साडेतीन मीटरच्या आसपास लांब, मागेपुढे सरकणारा मास्ट ट्रॅक (शिडाच्या काठीचा, म्हणजे मास्टचा, पाया बसतो ती खाच) आणि आत ओढता येणारा डॅगरबोर्ड असलेला लाँगबोर्ड शर्यती नव्यानं सुरू करणाऱ्यासाठी उत्तम. डॅगरबोर्ड नसलेला आखूड स्लॅलम बोर्ड जोराच्या वाऱ्यात पाण्यावर उसळून धावतो, पण वारा मंदावला की वरच्या बोयाकडे चढतच नाही, बाजूला वाहत जातो. तो घेऊन बोयांभोवतीच्या शर्यतीत उतरलात तर सराव कितीही करा, हलक्या दिवशी हाती निराशाच येईल.

मिस्ट्रल वन डिझाइन हे या जुन्या लाँगबोर्डांतलं सर्वांत परिचित नाव. ३.७२ मीटर लांब, ७.४ चौरस मीटर शीड. १९९६, २००० आणि २००४ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हाच बोर्ड होता. १९९६ मध्ये ली लाइ-शाननं हाँगकाँगला आणि २००४ मध्ये गल फ्रिडमननं इस्रायलला आपापलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, तेही याच बोर्डावर. २००८ पासून टोकियोपर्यंत आरएस:एक्स आला. तो जेमतेम २.८६ मीटर लांब, पण ९३ सेंटिमीटर रुंद, आणि शीड पुरुषांसाठी ९.५ तर स्त्रियांसाठी ८.५ चौरस मीटर. पॅरिस २०२४ मध्ये फॉइलवाला (बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारं पंख असलेला) आयक्यूफॉइल आल्यावर आरएस:एक्सही जुन्यांच्या रांगेत गेला. तो वापरलेला मिळाला तर मोह होईल, पण मोठं शीड आणि सततचं पंपिंग (शीड हातांनी पुन्हा पुन्हा ओढून वेग घेणं) यामुळे नवख्याच्या हातांना तो फार जड जातो. पहिल्या शर्यतीसाठी मी लांब, अरुंद बोर्डच सुचवेन.

नाव देण्याआधी शर्यतीची सूचना वाचा. वन डिझाइन गटात शीड, फिन (बोर्डाच्या मागचं छोटं पातं), डॅगरबोर्ड सगळं ठरलेलं असतं. आपल्या मनानं मोठं शीड लावलं तर निकालातून नाव जाऊ शकतं. खुल्या किंवा वेळेची सवलत देणाऱ्या गटात तुमच्या बोर्डाला जागा आहे का, हे आयोजकांना आधीच विचारावं.

बाहेरची चकाकी पाहून बोर्ड घेणं

ओरखडे दिसतात म्हणून लोक चांगले बोर्ड नाकारतात आणि आत पाणी शिरलेला चकचकीत बोर्ड घरी आणतात. आधी वजन करा आणि त्या मॉडेलच्या मूळ वजनाशी ताडून पाहा. दोन-तीन किलो जास्त भरलं तर एकतर आत पाणी आहे, नाहीतर कुणीतरी डागडुजी करताना सढळ हातानं रेझिन ओतलंय. मग अंगठ्यानं डेक दाबत जा, विशेषतः मास्ट ट्रॅकच्या मागे आणि पाय ठेवायच्या जागी. दबून परत वर येत असेल तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. नाण्यानं टिचक्या मारल्या की सुटलेल्या जागी आवाज पोकळ, बद्द येतो.

पाणी कुठून शिरतंय ते शोधायला बोर्डावरचा हवेचा स्क्रू काढून तोंडानं हळूच फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतात ती गळती. इथे पंप लावायची चूक करू नका. आतला दाब थोडा जरी वाढला तरी धड असलेला थरसुद्धा उचलला जातो.

तोच स्क्रू आणखी एका कारणानं बोर्ड मारतो. स्क्रू बंद ठेवून बोर्ड गाडीच्या टपावर उन्हात ठेवला की आतली हवा फुगते आणि डेकला फोड येतात. प्रवासात आणि उन्हात स्क्रू सैल, पाण्यात जाताना घट्ट. मी स्क्रूला भडक रंगाची दोरी बांधून तिचं दुसरं टोक हार्नेसच्या (शिडाचा ताण अंगावर घेणाऱ्या कमरपट्ट्याच्या) हुकला अडकवतो. हार्नेस घालायला गेलं की स्क्रू आठवतोच.

डॅगरबोर्ड आणि त्याची फट

लाँगबोर्डाचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

डॅगरबोर्ड अडकतो तो मुख्यतः वाळू आणि सुकलेल्या मिठामुळे. जोर लावून लाथ मारली की खोबणीचा सांधा तडकतो आणि तिथूनच पाणी आत जातं. आधी गोड्या पाण्याची धार सोडा, डॅगरबोर्ड बाहेर काढा, खोबणी आतून पुसा. कडेला चरे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या. ग्रीस लावू नका, ग्रीसला वाळू चिकटते आणि आठवड्यात तो आणखी घट्ट बसतो. उलट तक्रारही असते, की डॅगरबोर्ड आपोआप वर येतो. तेव्हा खोबणीतले घर्षणाचे रबरी तुकडे झिजलेले असतात, ते बदलावे लागतात.

फटीवरच्या दोन पट्ट्या मधोमध एकमेकींना भिडल्या पाहिजेत. जुनी पट्टी काढल्यावर जुना गोंद पूर्ण खरवडून काढा. नाहीतर नवी पट्टी दुसऱ्याच दिवशी सुटते. पट्टीचं पुढचं टोक सगळ्यात महत्त्वाचं. ते तळाच्या पातळीपेक्षा केसभर जरी वर राहिलं तरी पाणी तिथे नख घालतं आणि अख्खी पट्टी सोलून काढतं.

आता वापरताना होणारी चूक. वाऱ्यावर चढताना डॅगरबोर्ड पूर्ण खाली हवा. पण वारा वाढला की बोर्डाची वाऱ्याकडची कड उचलली जाते आणि बोर्ड उलटू पाहतो. नवखा घाबरून डॅगरबोर्ड पूर्ण आत घेतो आणि मग खाली वाहत जातो. तसं न करता तो अर्धवट मागे झुकवा. पकडही राहते, उचलही कमी होते. वाऱ्यासोबत उतरताना मात्र तो पूर्ण आत. खाली राहिला तर वेग आल्यावर बोर्ड अचानक कडेवर उभा राहतो आणि तुम्ही पाण्यात.

कडेवर चालवायला न शिकणं

आखूड बोर्डावरून आलेले लोक लाँगबोर्ड सपाट ठेवतात. हलक्या वाऱ्यात ते ठीक आहे. वारा जरा भरला की मात्र चढताना बोर्ड थोडा तिरका हवा: वाऱ्याकडची कड वर, पलीकडची पाण्यात. ती लांब कड पाणी धरते, बाजूला घसरणं थांबतं, आणि डॅगरबोर्ड स्वतःच तिरकेपणा टिकवायला मदत करतो. पुढचा पाय सरळ ठेवा, टाचा कडेवर, पायाच्या बोटांनी फूटस्ट्रॅप (पाय अडकवायचा पट्टा) किंवा कड वर ओढा आणि वजन हार्नेसवाटे शिडाला द्या. कड फार वर आली तर मागच्या हातानं शीड किंचित सैल सोडा, शरीर पुढे घेऊ नका. हे जमायला मला बरेच आठवडे लागले. एकदा जमलं की मात्र त्याच बोर्डावर तुम्ही आधीपेक्षा वाऱ्याच्या कितीतरी जवळचा कोन धरता.

मास्ट ट्रॅकही याच कामाचा आहे. चढताना मास्ट पुढे, म्हणजे बोर्डाची जास्त लांबी पाण्यात राहते. उतरताना मागे, म्हणजे नाक मोकळं होतं. ट्रॅक गंजला म्हणून मध्येच ठेवून सगळी शर्यत काढणारे पुष्कळ दिसतात. गरम गोड्या पाण्यात भिजवून, ट्रॅक सरकवायचं पेडल मागेपुढे हलवत वाळू काढली तर बरेच ट्रॅक सुटतात.

एक मोह सगळ्यांनाच होतो: बोयाकडे नाक रोखून फार वर चढायचा. दिशा छान दिसते, पण वेग मरतो, आणि वेग गेला की डॅगरबोर्डची पकडही जाते. दोन बोटं खाली उतरा, बोर्ड धावू द्या.

शीड, मास्ट आणि दोऱ्या

जुन्या शिडाचा पारदर्शक भाग दुधाळ आणि कडक झाला असेल तर ते उन्हानं खाल्लंय, एका धडपडीत फाटेल. बाकी बहुतेक तक्रारी डाउनहॉलच्या, म्हणजे शीड मास्टवर खाली ताणणाऱ्या दोरीच्या, असतात. मागचा हात ओढून ओढून दुखतोय, झोत आला की शीड आवरत नाही, अशा वेळी लोक आउटहॉल (शीड मागे ताणणारी दोरी) सोडतात. आधी डाउनहॉल आणखी ओढा. शिडाचं पोट पुढे येतं, वरचा भाग उघडतो आणि जादा वारा निघून जातो. मात्र फार जुन्या, मऊ कापडाच्या साध्या शिडाला एवढा ताण चालत नाही. सुरकुत्या जाईपर्यंतच ओढा. मास्टही शिडाला जुळणाराच हवा. चुकीच्या वाकाच्या मास्टवर कितीही ताणलं तरी शीड नीट बसत नाही.

डाउनहॉल ठीक असूनही हात दुखत असेल तर हार्नेसच्या दोऱ्या पाहा. मागचा हात थकतो तेव्हा दोऱ्या मागे सरकवा, पुढचा थकतो तेव्हा पुढे.

आणि मास्टफूटचा, म्हणजे मास्ट बोर्डाला जोडणाऱ्या भागाचा, रबरी सांधा. वरून धड दिसला तरी वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर तो आजच बदला. हा सांधा तुटला की शीड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे. म्हणून सुरक्षेची दोरी असलेलाच सांधा वापरा आणि हार्नेसमध्ये दोन मीटर जादा दोरी ठेवा.

सुरुवातीच्या रेषेवरचा गोंधळ

ठरलेला क्रम साधा आहे: पाच मिनिटं आधी इशारा, चार मिनिटं आधी तयारीचा झेंडा, एक मिनिट उरता तो झेंडा खाली, आणि मग सुरुवात. घड्याळ पहिल्या इशाऱ्याला लावा. लाँगबोर्ड जागेवरून वेग घ्यायला वेळ घेतो, त्यामुळे शून्याला शीड ओढायला सुरुवात केली तर उशीर झालेलाच असतो. आपला बोर्ड थांबलेल्या स्थितीतून पूर्ण वेगात यायला किती सेकंद घेतो, ते सरावात मोजून ठेवा.

पहिल्या काही शर्यतींत टोकाच्या गर्दीत शिरू नका. चार-पाच सेकंद उशिरा, पण समोर मोकळा वारा असलेल्या जागेतून निघणं कितीतरी चांगलं. दुसऱ्यांच्या शिडांमागचा वारा खराब असतो, आणि जड जुन्या बोर्डाला त्यातून बाहेर पडायला आणखी वेळ लागतो.

नियमांतले दोन तरी अंगात भिनलेले हवेत. वारा डावीकडून घेणाऱ्यानं वारा उजवीकडून घेणाऱ्याला वाट द्यायची. तुमचा उजवा हात मास्टच्या बाजूला असेल तर तुम्ही स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून घेत आहात, हक्क तुमचा. दोघं एकाच टॅकवर शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडच्यानं दूर राहायचं. चूक झाली तर विंडसर्फिंगच्या नियमांत एक पूर्ण गोल फिरून शिक्षा भरता येते. गर्दीतून बाजूला होऊन लगेच फिरा. वाद किनाऱ्यावर नेलात आणि तिथे हरलात तर सगळी शर्यतच जाते. पंपिंगला विंडसर्फिंगमध्ये साधारणपणे परवानगी असते, पण काही वर्गांचे नियम त्यावर मर्यादा घालतात. तेवढं आधी पाहून ठेवा.

बोयाजवळची शेवटची घाई

वरच्या बोयाला वळून झाल्यावर लोक डॅगरबोर्ड शोधायला लागतात, आणि त्या वेळात तिघं पुढे निघून जातात. बोया ओलांडतानाच पायानं तो मागे ढकलायची सवय लावा. खालच्या बोयाआधी तर आणखी लवकर, चार-पाच बोर्डलांबी अंतर असतानाच डॅगरबोर्ड खाली आणि मास्ट पुढे. हा सगळा क्रम एकट्यानं, एका तरंगत्या खुणेभोवती, दिवसाला वीस वेळा करून पाहा. टॅक (वाऱ्याकडे नाक वळवून बाजू बदलणं) कमी मारा. जड बोर्डाला प्रत्येक टॅकमध्ये वेग नव्यानं कमवावा लागतो.

तरंगायचं जॅकेट घाला. काही तुटलं तर बोर्ड सोडून पोहत निघू नका. बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूला पसरून वर-खाली करा, बचावाच्या नावेला ही खूण कळते. शर्यत अर्ध्यात सोडून किनाऱ्याला लागलात तर कपडे बदलण्याआधी आयोजकांना सांगा, नाहीतर ते अंधार पडेपर्यंत तुम्हाला पाण्यात शोधत राहतील.