मांजरीला कच्चं मांस घालताना

आमची मनी चार किलोची. वजनाच्या तीनेक टक्के, म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅम तिला पुरतं. नुसतं बोनलेस घालू नका. हाडांतून कॅल्शियम आणि हृदयातून टॉरिन (मांजरीला लागणारं एक अमिनो आम्ल) पोटात जायलाच हवं. टॉरिन कमी पडलं की मांजरीचं हृदय आणि डोळे दोन्ही बिघडतात. कलेजी मात्र पाच टक्क्यांच्या वर नको, 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तर बाधतं. हाड कच्चंच द्या, शिजलेलं टोकदार फुटतं. शी पांढरी, खडूसारखी झाली? हाड कमी करा. थंडगार मांस मनी नुसतं हुंगते, म्हणून वाटी जरा कोमट पाण्यात ठेवते. गोठवल्याने कच्च्या मांसातले साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू मरत नाहीत. भांडी, ओटा, हात साबणाने धुवा. घरात तान्हं बाळ असेल तर या भानगडीत मी तरी पडणार नाही.