एल्कच्या शिकारीसाठी रायफलची गोळी कशी निवडायची

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं एल्कचं (तिकडच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचं) लायसन्स हातात पडलं की आपले मराठी मित्र पहिला प्रश्न विचारतात, रायफल कुठली घेऊ, मॅग्नमच (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची) लागते का? मी म्हणतो आधी गोळीचं बघा. जनावर जागच्या जागी पडणार की जखमी होऊन झाडीत कुठेतरी तडफडून मरणार, हे तुमच्या नेमावर आणि गोळीच्या बनावटीवर ठरतं, कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा, नंबर त्यानंतर येतो. (भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं तिकडे रीतसर लायसन्स काढून जाणाऱ्यांसाठीच आहे.) आणि गोळी म्हणजे काडतुसाच्या टोकाचा जो भाग नळीतून उडतो तेवढाच, बोलतोय ते त्याच्याबद्दल.

मोठा नर एल्क ३०० किलोच्या पुढे जातो, म्हणजे आपल्या थोराड सांबराएवढा किंवा वरच. जाड कातडं, खांद्याचं दणकट हाड आणि त्याच्या मागे फुप्फुसं. गोळीने आत शिरल्यावर पसरायचं, जवळपास दुप्पट रुंद व्हायचं, आणि तरी दोन्ही फुप्फुसं पार करायची. जास्त मऊ असेल तर खांद्यावरच फुटून जाते, वरवरची मोठी जखम होते आणि जनावर मैलभर पळतं. फार कडक असेल तर बारीक भोक पाडून निघून जाते. म्हणून पूर्ण धातूचं कवच असलेली, न पसरणारी मिलिटरी टाइप गोळी अजिबात नको, कोलोरॅडोत कायद्यानेच पसरणारी गोळी लागते, आणि एल्कसाठी कमीत कमी ६ मिलिमीटर कॅलिबर, ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजन आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. हे किमान आहे हं, एवढ्यावर भागवायला जाऊ नका. गंमत म्हणजे अशा पसरणाऱ्या गोळ्या १८९० च्या दशकात कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात बनत होत्या, १८९९ ला हेगच्या परिषदेत त्यांच्या युद्धातल्या वापरावर बंदी आली, शिकारीत मात्र जनावराचे हाल कमी व्हावेत म्हणून नेमक्या त्याच लागतात.

आता प्रकार. सगळ्यात साधी आणि स्वस्त म्हणजे आत शिसं, वर तांब्याचं कवच, टोक उघडं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून आहे आणि हरणासाठी आजही उत्तम, एल्कलाही मध्यम वेगाने, बरगड्यांमधून मारलीत तर चालते. पण मॅग्नममधून जवळून हाडावर बसली की शिसं आणि कवच वेगळं होऊ शकतं. नेमका हाच प्रॉब्लेम अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) शिकारीत आला, मग त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घातली, पुढचा अर्धा पसरतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसत जातो, ती पार्टिशन गोळी. तिसरा प्रकार बॉंडेड, शिसं कवचाला चिकटवलेलं, अॅक्युबॉंड किंवा स्विफ्टची ए-फ्रेम वगैरे. चौथा अख्ख्या तांब्याची, बार्न्सची टीएसएक्स त्यातली प्रसिद्ध, हिचं वजन जवळपास तसंच्या तसं राहतं. पलीकडच्या बाजूच्या कातड्याखाली अशी गोळी सापडली तर बघा, टोकाच्या चार पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि बूड जसंच्या तसं. टार्गेटवर भोकाला भोक लावणाऱ्या मॅच गोळ्यांच्या मोहात पडू नका, त्या कागदासाठी आहेत.

वेगाचा मुद्दा मात्र बरेच जण सोडून देतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक गोळीला पसरायला एक किमान वेग लागतो, शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास, तांब्याच्या गोळीला मी २००० च्या खाली विश्वास ठेवत नाही. थर्टी-ऑट-सिक्स या प्रचलित काडतुसाची १८० ग्रेनची चांगली गोळी नळीतून सेकंदाला साधारण २७०० फुटांनी सुटते आणि ३०० यार्डांवर २१५० च्या आसपास येते, ४०० ला २००० च्या काठावर. काडतुसांच्या बॉक्सवर हा वेगाचा तक्ता छापलेला असतो, तो वाचा, आणि बहुतेकदा तो २४ इंची नळीवरून काढलेला असतो हे लक्षात ठेवा, तुमची २० इंची असेल तर दर इंचाला साधारण २०-३० फूट वजा करा. जिथे वेग किमानाच्या खाली जातो तिथे तुमचं अंतर संपलं, स्कोपमधून (रायफलवरच्या दुर्बिणीतून) कितीही जवळ दिसो.

वजनाचं सोपं आहे, एकाच कॅलिबरमध्ये जड गोळी जास्त खोल जाते. शिशाची घेणार असाल तर थर्टी कॅलिबरला (०.३० इंची, थर्टी-ऑट-सिक्स त्यातलंच) १६५ ते १८० ग्रेन. तांब्याची १५० पण पुरते, कारण ती वजन टाकत नाही, शिवाय तांबं हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि फार लांब गोळी तुमच्या नळीच्या पिळाला (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांना) नीट फिरवता येत नाही.

घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील तर मी सरळ तांब्याची घ्या म्हणेन. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, शिजवून जात नाहीत. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या बंदच आहेत, मेलेल्या जनावराची आतडी खाऊन कॉंडोर गिधाडं मरत होती म्हणून.

शेवटी दोन-तीन कंपन्यांचा एकेक बॉक्स आणा, नळी स्वच्छ करा, १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्या झाडून बघा, मध्ये नळी गार होऊ द्या. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते, महागडी गोळी तुमच्या रायफलला मानवेलच असं नाही. गोळी बदलली की स्कोप परत सेट करायलाच लागतो. आणि एकदा जमली की त्याच लॉट नंबरचे दोन-तीन बॉक्स लगेच उचला, सीझन तोंडावर आला की दुकानात नेमके तेच संपलेले असतात.