छर्रे वाईट की डोकं ठिकाणावर नाही? एअर रायफलमध्ये या चुका टाळा

स्कोअर घसरला की एक नेमबाज छर्ऱ्यांचा डबा बदलतो आणि दुसरा 'आज मन लागलं नाही' म्हणून मोकळा होतो. दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं. खालचं सगळं १० मीटर एअर रायफल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पिस्तुलाला आकडे वेगळे लागतात, तपासण्याची रीत तीच.

दोष साध्या बेरजेत धरणे

आधी लक्ष्याचा हिशेब. रायफलच्या लक्ष्यावर १० चं वर्तुळ फक्त ०.५ मिमी व्यासाचं, छर्रा ४.५ मिमीचा. छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत आला की १०.० मिळतात आणि तिथून आत प्रत्येक ०.२५ मिमीला एक दशांश वाढतो. ६० शॉट्समध्ये ६३० म्हणजे सरासरी १०.५, म्हणजे साधारण एक ते सव्वा मिमीची चूक. पिस्तुलात १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि एक दशांश ०.८ मिमीचा. म्हणून छर्ऱ्यांची चिकित्सा पिस्तुलवाल्यांना तितकी करावी लागत नाही.

आता हाताचा पसारा (हात हलल्याने शॉट्स किती पसरतात) आणि छर्ऱ्याचा पसारा एकत्र कसा येतो ते पाहा. हे दोन आकडे थेट मिळवायचे नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. हाताचा पसारा २ मिमी आणि छर्ऱ्याचा ०.५ मिमी असेल तर एकूण २.०६ मिमी. महागडे छर्रे आणून तो ०.५ वरून ०.२५ वर आणला तर एकूण २.०२. फायदा दोन टक्के. त्याऐवजी हात २ वरून १.८ वर आला, तर जुन्याच छर्ऱ्यांनी एकूण १.८७ मिमी, म्हणजे नऊ टक्के. पण ज्याचा हात ०.८ मिमीवर स्थिरावला आहे त्याला तीच छर्ऱ्यांची सुधारणा ०.९४ वरून ०.८४ वर नेते, अकरा टक्के. छर्रे मोठे की मन, या वादाला एकच उत्तर नाही ते यामुळे. मोठा दोष लहान दोषाला गिळून टाकतो, तेव्हा तुमच्याकडे मोठा कोणता ते आधी शोधायचं.

हातात धरून छर्रे तपासणे

उभ्याने दोन प्रकारचे छर्रे मारून 'हे चांगले लागतात' असं ठरवणं निरुपयोगी आहे. तेव्हा तुम्ही स्वतःलाच तपासत असता. नव्या डब्यावर विश्वास असतो, म्हणून ट्रिगर मोकळेपणी दाबला जातो आणि श्रेय छर्ऱ्यांना मिळतं.

रायफल बाकाला घट्ट बसवलेल्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडा, तीही स्टॉकमधून, म्हणजे खांद्याला लावायच्या दांड्यातून, काढलेली. पकड ॲक्शनवर (छर्रा भरण्याच्या आणि उडवण्याच्या यंत्रणेवर), नळीवर दाब नको. हवेचा सिलिंडर भरलेला, नळीची दिशा कायम छर्रे अडवणाऱ्या भिंतीकडे. लॉट (एकाच वेळी बनलेल्या छर्ऱ्यांची खेप) बदलला की आधीचे पाच-दहा शॉट्स मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग प्रत्येक लॉटचे १० शॉट्सचे किमान तीन ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचे पुंजके. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून ४.५ मिमी वजा केले की दोन सर्वांत लांबच्या छर्ऱ्यांच्या मध्यांमधलं अंतर मिळतं. १० शॉट्सचा ग्रुप बाहेरून ५ ते ५.५ मिमी आला तर छर्ऱ्यांचा विषय बंद करा. ६ मिमीच्या पुढे जाऊ लागला तर दुसरा लॉट पाहा.

पाच शॉट्सवर निकाल लावायचा मोह फार असतो. एकाच रायफलचे, एकाच डब्याचे पाच-पाच शॉट्सचे ग्रुप लहानमोठे येतातच, त्यातला सर्वांत देखणा खिशात घालून फिरण्यात अर्थ नाही. शिवाय १० शॉट्सचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी पावपट मोठा असतो, म्हणून एका लॉटचे पाच आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलनाही करू नका.

छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ मिमी की ४.५० यावर तावातावाने चर्चा होतात. तो आकडा सुरुवातीला दिशा दाखवतो, एवढंच. डब्यावर तोच आकडा असलेले दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागू शकतात. पसंत पडलेल्या लॉटचे, त्याच लॉट नंबरचे, हंगाम पुरेल इतके डबे एकदम घ्या. एक डबा तपासून सहा महिन्यांनी 'तेच' छर्रे मागवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तपासणी.

चांगले छर्रे बिघडवणे

मॅच छर्रे मऊ शिशाचे असतात आणि मागची पोकळ कडा, म्हणजे स्कर्ट, कागदासारखी पातळ. डबा बॅगेत खडखडत आला, खिशात सुटे ठेवले, तळहातावर ओतून घेतले, की कडा वाकते. वाकलेल्या कडेतून हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा तिरका बाहेर पडतो. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून परत डब्यात टाकू नका, तो साइटरसाठीही (स्पर्धेआधीच्या, न मोजल्या जाणाऱ्या सराव शॉटसाठीही) नको. ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, ठेवताना छर्रा सरळ बसला का ते पाहा. तिरका राहिला आणि बोल्ट दाबला तर कडा तिथेच चेपते. पांढरी पूड धरलेले छर्रे बाद करा, आणि सरावानंतर काही खाण्याआधी हात साबणाने धुवा, शिसं विषारी आहे.

वजन करून छर्रे निवडण्याचा उद्योग मात्र बहुतेकांनी सोडून द्यावा. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यात ०.००५ ग्रॅमचा फरक असला तर वेग जवळपास अर्धा टक्का बदलतो आणि १० मीटरवर उंचीत ०.२ मिमीहून कमी फरक पडतो. ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर हा फरक नीट कळणारही नाही. तो वेळ भिंगाखाली कडा तपासण्यात घाला.

दोष तिसऱ्याचाच

'मन'च्या खात्यावर जमा झालेले कितीतरी शॉट्स खरं तर हवेचे किंवा स्क्रूचे असतात. १७० मीटर प्रतिसेकंद वेगाचा छर्रा लक्ष्यापर्यंत पोचेतो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग ३ मीटर प्रतिसेकंदाने कमी झाला तर आणखी ०.६ मिमी, म्हणजे दोन ते अडीच दशांश. म्हणून ग्रुप उभा लांबट दिसला तर आधी सिलिंडरचा दाब पाहा. निर्मात्याने सांगितलेल्या किमान दाबाखाली रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) वेग सांभाळत नाही. रायफल बराच वेळ पडून राहिल्यावर फक्त पहिला शॉट वर किंवा खाली जात असेल तर तोही रेग्युलेटरच. असे शॉट साइटरमध्ये खर्च करा आणि दुरुस्तीला द्या.

रायफल कलली तर काय होतं तेही याच १७ मिमीतून निघतं. ५ अंश उजवीकडे कलली तर छर्रा सुमारे दीड मिमी उजवीकडे जातो, म्हणजे सहा दशांश. 'फोकस' वाढवून हे सुटत नाही, स्पिरिट लेव्हलने किंवा आरशासमोर डोकं आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) तपासून सुटतं.

याशिवाय डायऑप्टर (डोळ्याजवळची मागची साइट) आणि फ्रंट साइटचे स्क्रू, ॲक्शन स्क्रू (निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवरच, म्हणजे तेवढ्याच ताकदीने आवळलेले), बटप्लेटची खूण तपासा. नळी ब्रीचच्या बाजूने फेल्टने साफ करा. साफ केल्यावर पहिले काही शॉट्स भटकतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री ते करू नका.

आणि खरंच मनाचं असेल तेव्हा

छर्ऱ्याचा फ्लायर (ग्रुपबाहेर भरकटलेला शॉट) कुठल्याही क्षणी, कुठल्याही दिशेला जातो. मनाची चूक वेळ पाळून येते: पहिला शॉट, ९.६ नंतरचा शॉट, शेवटचे दहा. आणि बहुधा ठराविक बाजूला, कारण घाईत ट्रिगर ओढण्याची तुमची पद्धत एकच असते.

सर्वांत नडणारी चूक म्हणजे रायफल खाली न घेणे. साइट स्थिरावल्यावर ८-१० सेकंदांत शॉट सुटला नाही तर डोळ्याला जुनंच चित्र दिसत राहतं, स्नायू थरथरतात आणि शेवटी 'आता सोडूया' असं होतं. ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. दर चौथा शॉट रद्द केला, म्हणजे न मारता रायफल खाली घेतली, तरी वेळ पुरतो. सरावात मुद्दाम दहातले दोन शॉट रद्द करा, म्हणजे स्पर्धेत हात आपोआप खाली येईल.

एका वाईट शॉटनंतर साइटला क्लिक देणे, म्हणजे नॉब फिरवून नेम सरकवणे, ही या चुकीची जुळी बहीण. सलग तीन चांगल्या वाटलेल्या शॉट्सनी एकच बाजू दाखवल्याशिवाय नॉबला हात लावू नका. शॉट वाईट गेला की रायफल स्टँडवर टेका, एक पूर्ण श्वास सोडा, पुन्हा उचलून डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साइट लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हातांनी ओढू नका, पाय हलवा. 'शांत राहा' असं स्वतःला बजावण्यापेक्षा करायच्या गोष्टीचं नाव घेणं जास्त उपयोगी: गाल, साइट, ट्रिगर. आणि स्क्रीन बघायची ती फॉलो-थ्रूचा (शॉट सुटल्यावरही नेम धरून ठेवण्याचा) एक सेकंद पूर्ण झाल्यावर, शॉट कुठे गेला ते मनात सांगून झाल्यावरच.

हे सांगणं, शॉट कॉल करणं, वहीत उतरवा. ६० शॉट्सचे चार रकाने: कॉल चांगला-शॉट चांगला, कॉल वाईट-शॉट वाईट, कॉल चांगला-शॉट वाईट, कॉल वाईट-शॉट चांगला. कॉलपेक्षा २ मिमीहून लांब गेला तो चुकला असं धरा. दुसरा रकाना भरला असेल तर छर्ऱ्यांवर पैसे घालवू नका, ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव) वाढवा. तिसरा भरला असेल तर व्हाइसमध्ये तपासणी करा. चौथाही तितकाच भरला असेल तर तुमचा कॉलच अजून कच्चा आहे, आणि तिसऱ्यावरही भरवसा ठेवता येत नाही. दुसरा आणि तिसरा दोन्ही भरले तर आधी रायफल आणि छर्रे तपासा. ते काम एका दुपारी उरकतं, होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, सुधारायला महिने लागतात.