सायकलची कॅसेट बसवताना स्पेसर विसरू नका

सायकलचं मागचं चाक काढायचं तुम्हाला येतंच, तर ते धरून त्याच्या दातेरी चकत्या उलट्या फिरवा. टूल बसतं त्या खाचा सोबत फिरल्या तर कॅसेट, म्हणजे खाचांवर सरकवून बसवलेला चकत्यांचा संच; जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवलेला (इंदूरात दुकानवाला दोन्हीला फ्रायव्हीलच म्हणतो). फ्रीव्हीलचं टूल वेगळं असतं, जबरदस्ती करू नका.

चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेला दांडा) मोठी चकती धरा आणि लॉकरिंग, म्हणजे कॅसेट दाबून धरणारी बाहेरची रिंग, टूलने डावीकडे फिरवा. कर्र वाजेल, वाजू दे.

कॅसेट निघाली की तिच्याखालचा खाचांचा फ्रीहब पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा, आणि आता खरी गोची. 11 स्पीडच्या (मागे 11 चकत्यांच्या) रोड सायकलच्या फ्रीहबवर 8, 9 किंवा 10 स्पीडची कॅसेट घालायची तर मागे आधी 1.85 मिमीचा स्पेसर (पातळ रिंग) लागतो, कारण तो फ्रीहब तेवढाच जास्त लांब असतो. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, जो तो एकच म्हणायचा, भिया कसके टाइट कर दो. मी केलं, तरी कॅसेट खुळखुळ वाजायची, म्हणून अजून आवळलं, अजून आवळलं, शेवटी लॉकरिंगचे आटे गेले. अहो, ती फ्रीहबच्या टोकाला टेकली होती, कॅसेटला दाबतच नव्हती, मग आवळून काय होणार! त्यामुळे चकती हातात धरून हलवून बघा, जराही खेळ असेल तर पाना खाली ठेवा आणि स्पेसर शोधा.

दुसरं, फ्रीहबची एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, चकत्या तिच्याशी जुळवूनच सरकतात. शेवटची सगळ्यात छोटी चकती मात्र फसवते, खाचेत न बसता नुसती वर टेकून राहते आणि आपण वरून लॉकरिंग फिरवायला लागतो. आधी बोटाने दाबून बघा. लॉकरिंगचे पहिले आटे हातानेच, अडलं तर उलटं फिरवून पुन्हा. मग 40 न्यूटन मीटर, म्हणजे 25 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण 16 किलोचा जोर. आवळताना चेन व्हिप लागत नाही.

पावसात इंदूरजवळच्या सिमरोलकडे जाऊन आलात की काळी माती चकत्यांमध्ये सिमेंटसारखी बसते. ओली असतानाच ब्रशने काढा. घासलेट कॅसेटवर ओतू नका, आत बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं, फडक्याला लावून पुसा. आणि चेनवर मोजपट्टी ठेवा, शून्य एका पिनच्या मध्यावर: 12 इंचाच्या खुणेवरची पिन 1/16 इंच पुढे गेली की चेन बदला, 1/8 गेली असेल तर कॅसेटचेही पैसे काढून ठेवा.